नियम, प्रत्यय आणि अभिरुची : अनुभववादाने समीक्षेपुढे टाकलेला पेच

१

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात बुद्धिवाद आणि अनुभववाद यांच्यातील वाद ज्ञानाच्या उगमाविषयीचा वाद म्हणून सांगितला जातो. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ एका बाजूला. लॉक, बर्कली, ह्यूम दुसऱ्या बाजूला. आणि अखेरीस दोन्ही बाजूंचा मेळ घालणारा कांट, ही मांडणी पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. ती सोयीची आहे आणि सर्वस्वी चुकीचीही नाही. परंतु तिच्यामुळे वादाचे एक अंग झाकले जाते. एखादे विधान दुसऱ्यापुढे ठेवून त्याने ते मान्य करावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार विधान करणाऱ्याला कशाच्या बळावर प्राप्त होतो, हा या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. ज्ञानाचा उगम हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा केवळ एक भाग होय.

या दृष्टीने पाहिले असता साहित्यसमीक्षा हा वादाचा कडेचा प्रांत राहत नाही. त्याची सर्वांत अवघड कसोटी तेथेच लागते. भूमितीचा अभ्यासक सिद्धता देऊ शकतो, भौतिकशास्त्रज्ञ प्रयोग करून दाखवू शकतो. ‘ही कलाकृती श्रेष्ठ आहे’ असे म्हणणारा समीक्षक काय दाखवतो? त्याचे विधान सिद्ध करता येत नसेल आणि पडताळूनही पाहता येत नसेल, तर ते केवळ त्याच्या आवडीचे निवेदन ठरते, आणि आवडीविषयी वाद संभवत नाही. अनुभववादाने बुद्धीच्या जुन्या आदर्शाला दिलेल्या आव्हानाचा हा परिणाम समीक्षेच्या अस्तित्वावरच घाला घालणारा आहे. हे आव्हान देणाऱ्या विचारवंतांपैकी सर्वांत निर्भय असलेल्या डेव्हिड ह्यूमला त्याची पुरती जाणीव होती. आणि त्याने त्यातून काढलेली वाट आजही तपासण्याजोगी आहे.

२

देकार्तचे ‘पद्धतीविषयी विवेचन’ १६३७ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झाले. जे स्पष्ट आणि विविक्त स्वरूपात बुद्धीला प्रतीत होते तेच सत्य मानावे, आणि अशा निःसंशय आरंभबिंदूपासून पायरीपायरीने पुढे जावे, हा त्या पद्धतीचा गाभा. स्पिनोझाने ‘नीतिशास्त्र’ (१६७७) या ग्रंथात याच आदर्शाला भूमितीचे बाह्यरूपही दिले : व्याख्या, गृहीततत्त्वे, प्रमेये आणि त्यांच्या सिद्धता. बुद्धीचा प्रकाश सर्वांच्या ठायी समान असल्याने त्या प्रकाशात जे दिसते ते सर्वांवर बंधनकारक असते, अशी या विचारामागची श्रद्धा होती.

त्याच १६३७ साली पॅरिसमध्ये कॉर्नेयच्या ‘ल सिद’ या नाटकावरून मोठा वाद पेटला. नाटक कमालीचे लोकप्रिय झाले होते. टीकाकारांचा आक्षेप होता तो नियमभंगाचा : चोवीस तासांच्या अवधीत घटनांची एवढी गर्दी संभवत नाही, आणि पित्याचा वध करणाऱ्या पुरुषाशी विवाह करण्यास कन्येने अनुकूल व्हावे हे औचित्याला सोडून आहे. फ्रेंच अकादमीने या वादात आपला अभिप्राय प्रसिद्ध केला तो नियमांच्या बाजूने झुकणारा होता. देकार्तच्या ग्रंथाचा या वादाशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. नाट्यविषयक नियमांचा उगम अॅरिस्टॉटलच्या भाष्यकारांकडे जातो. परंतु दोन्हीकडे अधिकाराची कल्पना एकाच जातीची आहे. प्रेक्षकांना नाटक आवडले ही वस्तुस्थिती टीकाकारांना नाकारता आली नाही. ती निर्णायक आहे एवढेच त्यांनी नाकारले. प्रत्यय एक सांगत असेल आणि नियम दुसरे सांगत असेल, तर प्रत्ययाने माघार घ्यावी, ही ती भूमिका. १६७४ मध्ये ब्वालोने आपल्या पद्यबद्ध काव्यशास्त्रात बुद्धीला काव्याची नियंत्रक मानले, तेव्हा या भूमिकेला तिचे अभिजात रूप लाभले.

३

लॉकने १६९० सालच्या आपल्या ‘मानवी आकलनाविषयीच्या निबंधा’त या अधिकाराच्या मुळावरच बोट ठेवले. जन्मजात तत्त्वे सर्वांच्या मनात असतील तर ती सर्वांना मान्य असायला हवीत. परंतु बालकांना त्यांचा पत्ताही नसतो, आणि नीतीच्या बाबतीत तर देशोदेशीचे आचार एकमेकांच्या विरुद्ध आढळतात. लॉकच्या युक्तिवादातील महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. एखादे तत्त्व जन्मजात आहे असे एकदा घोषित केले की त्याची चौकशी थांबते. आणि चौकशी थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो त्यांना ही घोषणा सोयीची असते. अनुभववादाचे आव्हान हे असे प्रारंभापासूनच केवळ मानसशास्त्रीय नव्हते. बौद्धिक सत्तेच्या एका प्रकाराविरुद्धची ती फिर्याद होती.

लायब्निझने या ग्रंथाला संवादरूपाने, प्रकरणागणिक उत्तर लिहिले. १७०४ मध्ये लॉक निवर्तल्याने त्याने ते छापले नाही. ते प्रकाशात आले १७६५ मध्ये. त्याचे म्हणणे असे की मन कोऱ्या पाटीसारखे नसून शिरा असलेल्या संगमरवरासारखे असते. शिल्प घडवायला हातोडा लागतो हे खरे, पण कोणते शिल्प निघेल हे शिराही ठरवतात. जे काही बुद्धीत आहे ते इंद्रियांवाटे येते हे मान्य केले तरी बुद्धी स्वतः इंद्रियांवाटे येत नाही. उदाहरणे कितीही जमवली तरी त्यांतून अवश्यता निष्पन्न होत नाही, हा त्याचा मुद्दा अनुभववाद्यांना शेवटपर्यंत पुरता परतवता आला नाही.

या दोन भूमिकांमधला फरक एका प्रसिद्ध कोड्यात एकवटला आहे. जन्मांध माणसाला स्पर्शाने घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अकस्मात दृष्टी लाभली तर केवळ पाहून तो ते ओळखू शकेल काय? डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने विचारलेला हा प्रश्न लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला आणि नकारार्थी उत्तर दिले. लायब्निझचे उत्तर होकारार्थी होते, मात्र आपल्यापुढे याच दोन वस्तू आहेत हे त्या माणसाला ठाऊक असले पाहिजे, अशी त्याची अट होती. २०११ मध्ये दिल्लीतील ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमाशी संबंधित संशोधकांनी शस्त्रक्रियेने दृष्टी लाभलेल्या पाच मुलांवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पर्शाने जाणलेली वस्तू दृष्टीने ओळखणे त्यांना आरंभी जमले नाही. परंतु थोड्याच दिवसांत जमू लागले. पहिला निष्कर्ष लॉकच्या बाजूचा, तर दुसऱ्यातील शिकण्याचा वेग मन निव्वळ कोरे असते या समजुतीला पुरेसा सोयीचा नाही. वाद निकालात निघाला असे नव्हे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ चिंतनाने द्यायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी तपासता येते, एवढा अनुभववादाचा विजय त्यात निश्चित आहे.

४

ह्यूमने हा विजय त्याच्या अंतिम टोकापर्यंत नेला. १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनाविषयीच्या ग्रंथात त्याने बुद्धीच्या विषयांची दोन भागांत वाटणी केली : कल्पनांमधील संबंध आणि वस्तुस्थिती. पहिल्यात अवश्यता आहे, पण जगाविषयी माहिती नाही. दुसऱ्यात माहिती आहे, पण अवश्यता नाही. कार्यकारणभावाचे आपले ज्ञानही बुद्धीने गवसलेले नसून वारंवार आलेल्या साहचर्यातून मनाला जडलेली ती सवय आहे. उद्या सूर्य उगवेल या विश्वासाला निगमनाचा आधार नाही आणि विगमनाला स्वतःखेरीज आधार नाही.

या वाटणीत समीक्षेला जागा कोठे? ग्रंथाच्या अखेरीस ह्यूम स्वतःच सांगतो की नीती आणि समीक्षा हे आकलनापेक्षा अभिरुचीचे आणि भावनेचे विषय आहेत. सौंदर्य जाणले जाते यापेक्षा ते अनुभवले जाते असे म्हणणे अधिक यथार्थ. त्यापाठोपाठच, ज्या ग्रंथात संख्या-परिमाणाविषयीचा युक्तिवाद नाही आणि अनुभवाधिष्ठित विचारही नाही तो अग्नीच्या स्वाधीन करावा, असा त्याचा गाजलेला आदेश येतो. तो शब्दशः पाळला तर समीक्षेचे बहुतेक ग्रंथ जळतील. मात्र याच ठिकाणी ह्यूमने एक फट ठेवली आहे : अभिरुचीचा निकष निश्चित करू पाहणारा विचार एका नव्या वस्तुस्थितीकडे, माणसांच्या सर्वसाधारण अभिरुचीकडे, वळतो. १७५७ चा ‘अभिरुचीच्या निकषाविषयी’ हा निबंध या फटीतून बाहेर पडला आहे.

निबंधाचा आरंभ पेचापासूनच होतो. प्रत्येकाची भावना त्याच्यापुरती खरी असते. म्हणून आवडीविषयी वाद नाही, असे सामान्य जन म्हणतात. परंतु ओगिल्बी आणि मिल्टन यांची योग्यता सारखीच, असे कोणी म्हटले तर तेच सामान्य जन त्याला वेड्यात काढतात. हे दोन्ही अनुभव खरे आहेत. मग त्यांचा मेळ कसा घालायचा? ह्यूमचे उत्तर असे की कलेचे नियम बुद्धीने आधी रचलेले नसतात. निरनिराळ्या देशांत आणि काळांत काय आवडत आले आहे याची ती सामान्य निरीक्षणे असतात. नियम राहतात, त्यांचे आसन बदलते.

हा बदल किती मूलगामी आहे हे त्याच्या आरिओस्तोविषयीच्या विवेचनावरून कळते. आरिओस्तो नियम मोडतो आणि तरीही आवडतो. ह्यूमच्या मते तो आवडतो तो त्याच्या काव्यातील इतर गुणांमुळे, दोषांमुळे नव्हे. परंतु ज्यांना आपण दोष म्हणतो त्यांच्यामुळेच जर तो आवडत असेल, तर ते दोष नव्हेतच. नियमच चुकला, असे मानले पाहिजे. ‘ल सिद’च्या वादातील क्रम येथे उलटा झाला आहे. नियम आणि प्रत्यय यांच्यात विरोध आला तर तपासणी नियमाची व्हायची. १७६५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने शेक्सपिअरच्या आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्थलैक्य आणि कालैक्य यांच्यावर जो हल्ला चढवला तो याच रीतीचा होता : प्रेक्षक पहिल्या अंकापासून अखेरच्या अंकापर्यंत आपण नाटकगृहात आहोत हे जाणून असतो, म्हणून त्याचा भ्रम मोडेल या भीतीवर उभारलेला नियमच निराधार आहे.

परंतु कोणाचा प्रत्यय प्रमाण मानायचा? येथे ह्यूम सर्व्हान्तेसच्या कादंबरीतील सँकोच्या दोन नातलगांची कथा सांगतो. दोघांनी पिंपातील मद्य चाखले. एकाला ते उत्तम पण किंचित चामड्याच्या चवीचे वाटले, दुसऱ्याला लोखंडाच्या. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. साहित्यात ही किल्ली म्हणजे सर्वमान्य कृतींवरून काढलेले सामान्य नियम, असे ह्यूमचे म्हणणे. आणि त्यांच्या साहाय्याने बोलण्याचा अधिकार ज्याला द्यायचा त्या समीक्षकाच्या अंगी पाच गुण हवेत : प्रबळ विवेक, सूक्ष्म संवेदना, अभ्यास, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहांपासून मुक्तता.

यावर चक्राकार युक्तिवादाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. चांगली कृती कोणती? जी चांगल्या समीक्षकाला आवडते ती. चांगला समीक्षक कोणता? ज्याला चांगली कृती आवडते तो. हा आक्षेप पूर्णतः लागू पडत नाही. कारण पाचही गुण अभिरुचीच्या बाहेर, इतर व्यवहारांतही तपासता येण्यासारखे आहेत. भारतीय वाचकाला येथे काव्याच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे अशा अभिनवगुप्ताच्या सहृदयाची आठवण होईल. साम्य आहे ते अभ्यासाच्या अटीपुरते. सहृदयाची खूण म्हणजे वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता. ह्यूमच्या समीक्षकावर त्याहून वेगळी एक जबाबदारी आहे. थट्टा करणाऱ्यांपुढे त्याला किल्ली काढून दाखवावी लागते.

५

ह्यूमच्या विचाराचा खरा दुबळेपणा चक्राकारतेत नसून पाचव्या गुणात आहे. आणि तो त्याच्याच लेखनाने उघडा पाडला आहे. बन्यन आणि अॅडिसन यांना एका पातळीवर ठेवणे म्हणजे तळ्याला महासागराएवढे मानणे, अशा आशयाचे उदाहरण तो देतो. पुढील काळाने ‘यात्रिकाचा प्रवास’ लिहिणाऱ्या बन्यनला जे स्थान दिले त्यापुढे हे उदाहरण टिकले नाही. हा प्रमाद ह्यूमच्याच कसोटीने, काळाच्या साक्षीने, दुरुस्त झाला. तेव्हा त्याने सिद्धांताला बळच मिळाले असे म्हणता येईल.

दुसऱ्या प्रसंगाविषयी असे म्हणता येत नाही. ‘राष्ट्रीय स्वभावांविषयी’ या १७४८ च्या निबंधाला १७५३ मध्ये ह्यूमने एक तळटीप जोडली आणि तीत कृष्णवर्णीयांच्या निसर्गतः हीन असण्याविषयी संशय प्रकट केला. जमैकातील एका विद्वान म्हणून नावाजलेल्या कृष्णवर्णीयाचा तेथे उल्लेख आहे. हा पुरुष म्हणजे लॅटिनमध्ये काव्यरचना करणारा फ्रान्सिस विल्यम्स, असे अभ्यासक मानतात. त्याची कीर्ती म्हणजे मोजके शब्द बोलणाऱ्या पोपटाचे कौतुक असावे, अशा अर्थाचा शेरा ह्यूम मारतो. हा शेरा ऐकीव माहितीवर आधारलेला आहे. येथे अभ्यास नाही, तुलना नाही, पूर्वग्रहमुक्ती तर नाहीच. साधी सवय हीच जर आपल्या अनुमानांचा आधार असेल, तर गुलामगिरीच्या बाजारपेठांनी युरोपीय मनाला लावलेली सवयही अनुमानाचा आधार बनू शकते, हे यातून दिसून येते.

१७७० मध्ये जेम्स बीटीने या तळटिपीला दिलेले उत्तर अर्थपूर्ण आहे. बीटी हा ह्यूमच्या संशयवादाचा कडवा विरोधक. पण येथे त्याने वापरलेली शस्त्रे अनुभववादाचीच आहेत. एवढ्या व्यापक विधानाला लागणारी निरीक्षणे कोणी केली आहेत? पेरू आणि मेक्सिको यांच्या साम्राज्यांचे काय? लिहिण्यावाचण्यास आणि स्वेच्छेने काही करण्यास ज्याला मज्जाव आहे अशा गुलामाने बुद्धिवैभव दाखवले नाही, यावरून काय सिद्ध होते? दुसरीकडे, १७६४ च्या आपल्या सौंदर्य व उदात्ततेविषयीच्या लेखनात कांटने ह्यूमचे हेच मत आधार म्हणून वापरले. म्हणजे या कलंकातून बुद्धीची परंपराही सुटलेली नाही. २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने आपल्या एका इमारतीला दिलेले ह्यूमचे नाव काढले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेहून तत्त्वविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की अनुभवावर निष्ठा असलेल्या विचारवंताला अनुभवापासून दूर राहणे कसे जमले.

उत्तर असे की ‘ज्याने तपासले नाही त्याने सर्वसाधारण विधान करू नये’ हा दंडक स्वतः सवयीतून निघत नाही. ह्यूमच्या पाचव्या गुणाचा अर्थ, आपले व्यक्तित्व आणि आपली परिस्थिती शक्य तेवढी विसरून माणूस म्हणून पाहणे, असा आहे. ही मागणी वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे. ते बुद्धीने स्वतःवर घातलेले बंधन आहे. अनुभववादाने बुद्धीला ज्ञानाचा उगम म्हणून पदच्युत केले. शिस्त म्हणून मात्र तिला मागच्या दाराने बोलवावे लागले. लायब्निझने दाखवलेल्या शिरा येथे पुन्हा दिसू लागतात.

कांटने १७९० च्या तिसऱ्या चिकित्सेत ही गोष्ट उघडपणे मांडली. अभिरुचीचा निर्णय संकल्पनांवर आधारलेला असता तर तो सिद्धतेने पटवता आला असता. संकल्पनेशी त्याचा काहीच संबंध नसता तर त्याविषयी भांडताही आले नसते. आपण भांडतो, म्हणजे इतरांच्या संमतीवर आपण हक्क सांगतो. आणि तो सांगताना इतरांच्या जागी स्वतःला ठेवून विचार करण्याचे कर्तव्य स्वीकारतो. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे कांटचा हा विचार समीक्षेच्या परिचयाचा झाला आहे. परंतु कांटपाशी हक्क आहे, किल्ली नाही. कोणता पुरावा पुढे आला असता समीक्षकाने आपला हक्क मागे घ्यावा, हे कांटपेक्षा ह्यूमच्या आरिओस्तोविषयीच्या परिच्छेदातून अधिक नेमके कळते. दावा सर्वांसाठी करायचा, आणि तो खोडला जाण्याची शक्यता खुली ठेवायची, या दोन अटी एकत्र आल्या तरच समीक्षा आवडीच्या निवेदनाहून निराळी होते.

६

हा विचार मराठीपुरता दोन कारणांनी निकडीचा आहे. पहिले कारण परिभाषेचे. मराठीत ‘बुद्धिवाद’ हा शब्द देकार्तच्या ज्ञानमीमांसेसाठीही वापरला जातो आणि रूढी व अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध लढणाऱ्या सुधारकी वृत्तीसाठीही. आगरकरांना बुद्धिवादी म्हटले जाते ते दुसऱ्या अर्थाने. ज्या मिल्लचा त्यांच्यावर प्रभाव होता तो मात्र ज्ञानमीमांसेत बुद्धिवादाचा विरोधक होता. १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात त्याने गणिताची तत्त्वेदेखील विगमनाने प्राप्त होतात असे प्रतिपादन केले, आणि मनाला स्वतःसिद्ध वाटणाऱ्या सत्यांची कल्पना ही रूढ पूर्वग्रहांना पवित्र ठरवणारी मोठी सोय आहे, असे त्याचे मत होते. महाराष्ट्रातील बुद्धिवादी परंपरेची एक मुख्य शाखा अशी अनुभववादाच्या मुळावर वाढलेली आहे. हे ध्यानात न घेता बुद्धिवादावर टीका करणारे अनेकदा देकार्तवर नेम धरतात आणि घाव आगरकरांवर घालतात.

दुसरे कारण ‘अनुभव’ या शब्दाचे. मराठी समीक्षेत त्याला मोठा अधिकार प्राप्त झाला आहे, आणि तो अकारण नव्हे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या कृतींनी, रूढ अभिरुचीने ज्यांना दोष ठरवले असते अशा भाषेच्या आणि आशयाच्या विशेषांमुळेच वाचकांना हलवले. दोषांमुळेच कृती प्रभावी ठरत असेल तर नियमाची फेरतपासणी झाली पाहिजे, हा ह्यूमचा युक्तिवाद येथे अक्षरशः लागू पडतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाने अशा फेरतपासणीची मागणी सिद्धांताच्या पातळीवर नेली. अनुभव येथे पुरावा म्हणून पुढे येतो : निकष बदला, कारण तुमच्या निकषात न मावणारे हे वास्तव समोर आहे.

याहून अगदी निराळा असा ‘अनुभवा’चा दुसरा उपयोगही मराठी समीक्षेत रूढ आहे. ‘लेखकाचा अनुभव अस्सल आहे’ एवढे म्हटले की कृतीविषयीचा प्रत्येक प्रश्न निकालात निघाला असे मानले जाते. कोणत्याही थरातील लेखकाच्या, शहरी मध्यमवर्गीय आत्मपर लेखनाच्याही, बाबतीत हे घडते. येथे अनुभव पुरावा राहत नाही, तो अभयपत्र बनतो. लॉकने जन्मजात तत्त्वांवर जो आरोप ठेवला होता, तोच, म्हणजे चौकशी थांबवण्याचा, या अभयपत्रावरही ठेवता येतो. अनुभववादाने बुद्धीच्या आदर्शाला आव्हान दिले ते चौकशी चालू राहावी म्हणून. अनुभवाच्या नावाने ती बंद करणे हा त्या आव्हानाचाच पराभव आहे. पिंपाच्या तळाशी किल्ली आहे किंवा नाही हे पाहण्याची तयारी नियमांच्या कैवाऱ्यांना दाखवावी लागली, तशीच ती अनुभवाच्या कैवाऱ्यांनाही दाखवावी लागेल.